अण्णांचे पावणेतीनशे गुण

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

२०२४ सालच्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस आमच्या मिरजेच्या वाड्यातील अण्णांना, पटाला हातही न लावता, दोनशे पंचाहत्तर गुण मिळाले. ही वार्ता वाड्यात मीच नेली. अण्णा ओसरीवर शेंगा सोलीत बसले होते. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला आणि म्हटले, "अण्णा, पेढे काढा. तेराशे बाराचे पंधराशे सत्त्याऐंशी झालात."

अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, आकडा दोनदा वाचला आणि हातातली शेंग फोडीत म्हणाले, "दिवाळीपासून मी कुठं खेळलोच नाही. कुणाचे तरी चुकून माझ्या नावावर पडले असतील. परत करून टाक."

परत करण्याची सोय नव्हती. ते गुण चुकूनही पडले नव्हते. ते का आले आणि त्या दिवशी जगातील हजारो सामान्य खेळाडूंना असेच का मिळाले, हे अण्णांना समजावून सांगताना मला जे समजले, ते येथे मांडीत आहे. विषय बुद्धिबळाचा असला तरी आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या आपणा सर्वांचाच त्याच्याशी थोडाफार संबंध आहे; आणि आपण परीक्षार्थी मंडळी तर आकड्यांवरच जगतो!

अण्णा हे निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्या वाड्यातील दोन पिढ्यांना घोड्याची अडीच घरे त्यांनीच शिकविली. २०१० साली त्यांना पहिले आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, ते १६११ होते. त्यानंतर मे महिन्यात आणि दिवाळीत जवळपासच्या स्पर्धांना ते नेमाने जात. मात्र त्यांचे गुण दर वर्षी थोडे थोडे उतरत गेले. एखाद्या वर्षी वीस, एखाद्या वर्षी तीस. २०२३ च्या दिवाळीत एका नऊ वर्षांच्या मुलीने त्यांना हरविले. खुर्चीवर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्या दिवशी अण्णा घरी आले आणि पट कपाटात ठेवून मोकळे झाले. "डोकं चालत नाही आता," एवढेच म्हणाले.

हे वाक्य साधे नव्हते. अण्णांच्या थोरल्या भावाची स्मृती म्हातारपणी गेली होती; घरच्यांची नावेही त्यांना आठवेनाशी झाली होती. अण्णा तेव्हापासून मनातून धास्तावलेले. भाजी आणायला जातानाही ते चिठ्ठी लिहून नेत. सोळाशे अकरावरून तेराशे बारावर आलेला तो आकडा म्हणजे, त्यांच्या मते, येणाऱ्या दुखण्याचे निदानच होते.

त्याच सुमारास आमच्या वर्गात निर्देशांक आणि चलनवाढ शिकविली जात होती. दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया एकच नव्हे, हे सरांनी फळ्यावर आकडे मांडून दाखविले. माझ्या मनात आले, दहा वर्षांपूर्वीचा गुण आणि आजचा गुण तरी एकच कशावरून?

एलो यांची युक्ती

बुद्धिबळाचे हे मानांकन ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते आर्पाद एलो हे हंगेरीत १९०३ साली जन्मलेले, लहानपणीच अमेरिकेत गेलेले आणि पुढे मिल्वॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० साली आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिडेने, १९७० साली स्वीकारली.

पद्धतीचे मर्म सोपे आहे. दोन खेळाडूंच्या गुणांतील फरकावरून निकालाची अपेक्षा ठरते. गुण सारखे असतील तर दोघांकडून निम्म्या निम्म्या यशाची अपेक्षा. दोनशेचा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत. (जिंकल्यास एक, बरोबरीस अर्धा.) डाव झाला की प्रत्यक्ष निकाल आणि अपेक्षा यांतील तफावत एका ठरावीक गुणकाने गुणायची आणि ती मानांकनात मिळवायची किंवा वजा करायची. फिडेच्या नियमांत या गुणकाला 'के' म्हणतात. सामान्य खेळाडूला तो २० असतो, मोठ्या खेळाडूंना १०, आणि नवख्यांना व अठरा वर्षांखालील मुलांना (त्यांचे गुण २३०० च्या आत असेपर्यंत) ४०.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या पद्धतीतील आकडा खेळाडूच्या अंगी असलेल्या बुद्धीचे वजन सांगत नाही. इतरांच्या तुलनेत तो कोठे आहे, एवढेच सांगतो. उंची मोजायला मीटर आहे, तसा खेळ मोजायला एखादा पक्का गज कोणी जपून ठेवलेला नाही. जगातील सर्व मानांकित खेळाडूंना उद्या शंभर शंभर गुण वाटले, तरी एकाही डावाची अपेक्षा बदलणार नाही. अपेक्षा फरकावरून ठरते, आकड्यावरून नव्हे. म्हणूनच हे माप हळूहळू सरकू शकते, आणि सरकले तरी खेळणाऱ्याला ते कळत नाही.

भिशीतून पैसे कोण नेते?

माप सरकते कसे, हे समजायला भिशीचा दाखला घेऊ. समजा, भिशीत येणारा प्रत्येक जण थोडी रक्कम घेऊन येतो, आत असताना हुशारीने इतरांचे पैसे जिंकतो आणि मग मोठी रक्कम घेऊन कायमचा निघून जातो. असे बरेच जण आले नि गेले, तर मागे राहिलेल्यांच्या खिशांत काय उरेल?

बुद्धिबळात नेमके हेच होते. एखादा मुलगा हजार गुणांनी सुरुवात करतो, शिकत शिकत अठराशेपर्यंत चढतो आणि बारावी झाली की खेळ सोडतो. वर चढताना त्याला मिळालेले आठशे गुण बव्हंशी इतरांच्या खात्यांतून आलेले असतात. तो गेला की तेही गेले. आता उलट प्रकार पाहा. नवा माणूस बाराशेने येतो, हरत हरत अकराशेवर येतो आणि कंटाळून जातो. तो शंभर गुण मागे ठेवतो. पण शिकून जाणारे अधिक असले की एकूण साठा आटत जातो. एलो यांनी १९७८ सालच्या आपल्या ग्रंथातही या सरकण्याचा विचार केलेला आहे. म्हणजे दुखणे जुनेच.

फिडेच्या बाबतीत आणखी एक कारण घडले. आरंभी पुरुष खेळाडूंच्या यादीत येण्यासाठी किमान २२०० गुण लागत. म्हणजे मानांकन ही थोरामोठ्यांचीच मिरास होती. पुढे ही पायरी खाली खाली आणली गेली आणि २०१२ साली ती १००० वर आली. यादीची दारे गल्लीबोळांतल्या मुलांना उघडली, ही उत्तमच गोष्ट झाली; परंतु ही मुले ज्या वेगाने शिकतात त्या वेगाने त्यांचा आकडा चढत नाही. त्यात २०२० आणि २०२१ ही महामारीची वर्षे आली. समोरासमोरच्या स्पर्धा थांबल्या. मुले घरी संगणकावर शिकतच होती, आकडे मात्र होते तेथेच गोठले. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अकराशेची पाटी गळ्यात अडकवलेली, पण खेळाने तेराशे-चौदाशेची असलेली मुले अण्णांसारख्यांच्या समोर येऊन बसली.

हिशेबच करून पाहू. अण्णा १३४० आणि मुलगी ११४०. कागदावर फरक दोनशेचा, म्हणून दहा डावांत अण्णांनी ७.६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा. पण मुलीचा खरा खेळ अण्णांच्याच तोडीचा असेल तर ते पाचच मिळवतील. तूट २.६ ची, तिला वीसने गुणा, म्हणजे बावन्न गुण गेले. एका मुलीशी दहा डाव खेळा किंवा अशा दहा मुलांशी एकेक खेळा, फळ तेच. अण्णांचे डोके पूर्वीइतकेच चालत असले, तरीही हे बावन्न गुण जाणारच!

गळती बुजविण्याचे उपाय

या गळतीवर इलाज काय? एक इलाज पद्धतीतच आहे: मुलांचा गुणक दुप्पट ठेवणे. ती ११४० ची मुलगी अण्णांना हरविते तेव्हा अण्णांचे १५.२ गुण जातात, पण तिला ३०.४ मिळतात. म्हणजे १५.२ गुण नव्याने जन्मास येतात. ती हरली तर तिचे ९.६ जातात आणि अण्णांना ४.८ मिळतात, म्हणजे ४.८ नाहीसे होतात. तिचा आकडा खरा असेल तर ही आवकजावक सरासरीने फिटते. आकडा खोटा, म्हणजे खेळापेक्षा कमी असेल, तरच नवे गुण साठून राहतात. जेवढी चूक तेवढीच भरपाई, हा या योजनेतील मला सर्वांत आवडलेला भाग.

परंतु हा उपाय पुरेसा पडला नाही. मग २०२३ साली जेफ सोनास या अमेरिकन सांख्यिकी अभ्यासकाने फिडेसाठी निकालांचे मोठे गाठोडे सोडून तपासले. तपासण्याची रीत दुकानदाराचा काटा तपासण्यासारखीच होती. सूत्र म्हणते की अमुक फरक असता वरचा इतके गुण मिळवील. प्रत्यक्षात तो मिळवितो का? २००० च्या खाली असे दिसले की वरचा खेळाडू अपेक्षेपेक्षा कमी मिळवितो. म्हणजे खालच्या खेळाडूंमधील अंतरे कागदावर ताणली गेली होती. प्रत्यक्षात ते एकमेकांच्या बरेच जवळ होते.

यावरून १ मार्च २०२४ ची दुरुस्ती निघाली. नियम एका ओळीचा आहे: २००० च्या खाली असलेल्या प्रत्येकाला, तो २००० पासून जितका दूर असेल त्याच्या चार दशांश इतके गुण एकदाच द्यावेत. हजारवाल्याचे १४०० झाले, पंधराशेवाल्याचे १७००, अठराशेवाल्याचे १८८०. दोन हजारवाला जागच्या जागी राहिला. अण्णांना ६८८ चे चार दशांश, म्हणजे पावणेतीनशे मिळाले. शिवाय गळती पुन्हा लागू नये म्हणून किमान पायरी १००० वरून १४०० वर नेली, आणि नव्या खेळाडूचे पहिले मानांकन काढताना त्याने १८०० गुणांच्या दोन काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी बरोबरी केली असे धरायचे ठरले, म्हणजे सुरुवातच फार खालून होऊ नये.

या नियमाने कोणीही कोणाच्या पुढे गेला नाही, हे विशेष. काल जो अण्णांच्या वर होता तो आजही वर आहे. फक्त अंतर कमी झाले.

दुरुस्ती आणि अन्याय

प्रत्येक दुरुस्ती अशी नसते. १९८७ सालच्या जानेवारीच्या यादीत फिडेने सर्व महिला खेळाडूंना शंभर शंभर गुण वाढवून दिले. स्त्रिया बहुधा स्त्रियांशीच खेळतात, त्यामुळे त्यांचा गुणांचा साठा वेगळा पडून पुरुषांच्या मानाने खाली राहिला आहे, असे कारण देण्यात आले. कारणात तथ्य असू शकते. एकमेकांशी न मिसळणारे दोन साठे वेगवेगळ्या दिशांना सरकतात, हे खरेच. पण या वाटपातून एकच मुलगी वगळली गेली: हंगेरीची सतरा वर्षांची सुझान पोल्गार. ती पुरुषांशी खेळून गुण मिळवीत असल्याने तिचे गुण आधीच बरोबर आहेत, असा युक्तिवाद होता. परिणाम असा झाला की सुझानचे पहिले स्थान गेले आणि जॉर्जियाची विश्वविजेती माया चिबुर्दानित्झे तिच्या वर गेली. आणि हे घडायला त्या दोघींमध्ये एकही डाव व्हावा लागला नाही. गणिताच्या दृष्टीने त्या युक्तिवादाला आधार असेलही. परंतु ज्या दुरुस्तीत एका माणसाचे नाव वेगळे काढावे लागते, तिच्याविषयी मनात शंका राहतेच.

साठा बंदिस्त असला की उलट दिशेनेही गंमत होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील एका तुरुंगात क्लॉड ब्लडगुड नावाचा वृद्ध कैदी इतर कैद्यांशी मानांकित डाव खेळत असे. बाहेरच्यांशी गाठ नाही, नवे कैदी येत राहिले, आणि जिंकत जिंकत हे गृहस्थ १९९६ साली अमेरिकेच्या यादीत चक्क दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसले. काटा चोख होता. वजनेच चार भिंतींच्या आतली होती.

२०२४ ची दुरुस्ती सर्वांना एकाच नियमाने लागू झाली, तरीही ती कोणाला बोचली नाही असे नाही. आपल्याकडे '१६०० च्या आतील' अशा स्पर्धा फार होतात. नव्या नियमाने जुने १३३३ म्हणजे नवे १६०० झाले. अण्णा १५८७ वर, म्हणजे तेरा गुणांनी कुंपणाच्या आत राहिले. पण त्यांचे एक स्नेही, जे १३४० होते, ते १६०४ होऊन बाहेर पडले. वर्षानुवर्षे ज्या स्पर्धेत ते खेळत, तिचे दार एका रात्रीत बंद झाले. माप दुरुस्त केले की भिंतीवरच्या जुन्या खुणाही पुसून नव्याने काढाव्या लागतात. ते काम माप दुरुस्त करणारे करीत नाहीत. ज्याचे त्याने करायचे असते, आणि ते होईपर्यंत कोणीतरी दाराबाहेर उभा असतो.

मग अण्णांचे काय?

हे सारे मी अण्णांना चार संध्याकाळी बसून सांगितले. त्यांनी शिक्षकाच्या शिस्तीने ऐकले आणि मग नेमका प्रश्न विचारला. "म्हणजे माझे गुण मुलांमुळं गेले. माझ्या म्हातारपणामुळं एकही गेला नाही, असंच ना?"

मला हो म्हणता आले नाही. मानांकनाचा आकडा या प्रश्नाचे उत्तर देऊच शकत नाही. तीनशे गुणांतील किती मापाच्या सरकण्याने गेले आणि किती वयाने, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. हाच पेच मोठ्या खेळाडूंबाबतही आहे. १९७२ साली बॉबी फिशर २७८५ वर होता. १९७९ च्या जानेवारीत २७०० च्या वर एकटा कार्पोव्ह होता. पुढे २७०० ची वेस ओलांडणारे डझनांनी झाले आणि २०१४ साली मॅग्नस कार्लसन २८८२ पर्यंत गेला. खेळ सुधारला की गुण स्वस्त झाले? केवळ यादीकडे पाहून सांगता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील प्राध्यापक केनेथ रीगन यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी यादी बाजूला ठेवून प्रत्यक्ष चाली संगणकाकडून तपासल्या, आणि वरच्या स्तरावर गुणांची महागाई फारशी झालेली नाही, असा निष्कर्ष काढला. महागाई मोजायची तर नोटा मोजून भागत नाही, बाजारात जाऊन ज्वारीचा भाव विचारावा लागतो, तसेच हे.

मी रीगन नव्हे. पण अण्णांच्या वह्या होत्या. ते प्रत्येक डाव निळ्या शाईने टिपून ठेवतात. २०१० आणि २०११ चे चाळीस डाव आणि २०२२ आणि २०२३ चे चाळीस डाव मी मोबाईलवरील बुद्धिबळाच्या कार्यक्रमात घातले. दोन आठवडे लागले. अभ्यासाचे जे व्हायचे ते झाले. एवढ्याशा डावांवरून शास्त्रीय सिद्धान्त निघत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी जे दिसले ते असे: पहिल्या तीस चालींत जुन्या आणि नव्या डावांतील चुका जवळजवळ सारख्या. त्यानंतर मात्र, डाव लांबला की, नव्या डावांत चुका स्पष्टच जास्त.

मी हे लपविले नाही. दोन्ही रकाने वहीवर मांडून अण्णांपुढे ठेवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दमतो. विसरत नाही."

"असं दिसतंय खरं."

"दमणं चालतं," अण्णा म्हणाले आणि कपाट उघडायला उठले.

२०२४ च्या दिवाळीत ते पुन्हा स्पर्धेला गेले. सोबत थर्मासमध्ये चहा, आणि तिसऱ्या तासाला खायला गूळशेंगदाणे. ती मुलगी याही वेळी त्यांच्यासमोर आली. आता तिचे पाय जमिनीला टेकत होते. अण्णा हरले. डाव संपल्यावर दोघे अर्धा तास पटावर वाकून, कोठे चुकले ते शोधीत होते. स्पर्धेअखेर अण्णांचे अठरा गुण कमी झाले.

परतीच्या एस.टी.त मी हळूच म्हटले, "अण्णा, मुलांचे आकडे अजून थोडे मागेच असतात. अठरांतले काही..."

"गप," अण्णा म्हणाले. "ते पावणेतीनशे कुणाचे होते ते तू सांगितलंस, मी ऐकलं. हे अठरा मात्र माझेच गेलेत."